मान उडवणाऱ्या घोड्याची कैफियत

स्वारी सुरू होताच सारखी मान उडवणाऱ्या आपल्या घोड्याला अधिक कडक कडियाळे चढवावे काय, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. त्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे की, शिक्षेचा हुकूम सुटण्यापूर्वी रीतसर तपास व्हावा. पहिल्या दाढेपुढे उगवणाऱ्या चिमुकल्या दातावर कडियाळे आदळत असेल, दाढांना धार आली असेल, कानात किडे झाले असतील, डोळा वा मानेचा मणका दुखत असेल. हे सारे पशुवैद्य पाहू शकतो.

परंतु या सर्वांतून निर्दोष ठरलेला घोडाही कधी कधी, नाकपुडीत मधमाशी शिरावी तसा, एकाएकी मान वर झटकतो, फुरफुरतो आणि धावता धावता पुढच्या पायावर नाक घासू पाहतो. तेही बहुधा वसंतात आणि उन्हाळ्यात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक जॉन मॅडिगन यांनी १९९५ साली प्रकाशामुळे मान उडवणाऱ्या ७ घोड्यांची हकीकत सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली. डोळ्यांवर पट्टी बांधली की बहुतेकांची मान स्थिरावे, रात्रीच्या अंधारात त्रास शमे वा कमी होई.

ही पट्टी पाहून मला फ्रान्सिस बेकनची आठवण होते. सूर्याकडे पाहून शिंक येते ती उष्णतेने, हा प्राचीन ग्रीकांचा समज सतराव्या शतकात खोडताना बेकनने साधा मुद्दा मांडला: तसे असते तर डोळे मिटून नाक उन्हात धरले तरी शिंक आली असती, ती येत नाही. त्याने पुढे दिलेले कारण चुकले, पण डोळे मिटण्याची ती युक्ती किती निर्मळ! तीन शतकांहून अधिक काळानंतर तीच घोड्याच्या कामी आली.

दोन्हीकडे संशय जातो तो चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या त्रिशाखी मज्जातंतूवर. डेव्हिस येथेच मोनिका अलेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तंतूच्या नाकाकडील शाखेला विजेचे सौम्य झटके दिले, तेव्हा निरोगी घोड्यांत तो जागा होण्यास १० मिलिअँपिअर वा अधिक प्रवाह लागला, रोगी घोड्यांत ५ किंवा त्याहूनही कमी पुरला. मग वाऱ्याची झुळूक वा परागकणही वेदना का होऊ नये? नाकावर बांधलेल्या बारीक जाळीने पुष्कळ घोड्यांना उतार पडतो, तोही या तर्काशी जुळतो. त्याहून मोलाची साक्ष एका घोड्याची: ऋतू सरून त्याची मान शांत असताना तपासले, तर आकडा निरोगी घोड्यांचाच निघाला.

तेव्हा वाचकमहाशयांनी प्रथम कडियाळे उतरवावे, खोगीर काढावे, घोडा मोकळा सोडावा आणि भर दुपारी तसेच सूर्यास्तानंतरही त्याची मान उडते का, ते पाहून मला अवश्य कळवावे.