विद्यापीठांचे जाळे आणि कंपन्यांची साथ
अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने विद्यापीठे आणि महासंगणक केंद्रे जोडण्यासाठी उभारलेले एनएसएफनेट सेकंदाला अवघे ५६ किलोबिट माहिती वाहून नेई. ते लवकरच तुंबले. १९८७ मध्ये विस्ताराचे काम मिशिगनमधील विद्यापीठांच्या ‘मेरिट’ या संस्थेला मिळाले. एमसीआय या दूरसंचार कंपनीने वाहिन्या पुरवल्या, तर आयबीएमने यंत्रे व सॉफ्टवेअर. प्रत्येक प्रमुख केंद्रावर आयबीएमचे एकत्र जोडलेले नऊ छोटे संगणक माहितीला वाट दाखवत. १९८८ च्या जुलैत वेग दीड मेगाबिटवर गेला. कंपन्यांनाही यात मोठा लाभ होता: इतक्या प्रचंड वाहतुकीवर तंत्रज्ञान पारखण्याची संधी बाजारात कुठे मिळणार? १९९५ मध्ये ही वाहतूक व्यावसायिक जाळ्यांकडे सोपवण्यात आली.