लग्नाची डीव्हीडी झटके खात का चालते? आधी झटका ओळखा, मग उपाय करा

तुमच्या घरातल्या कपाटात, लग्नाच्या अल्बमच्या मागं एक तरी चकती पडलेली असणारच. मोठ्या बहिणीच्या लग्नाची असेल, काकाच्या लग्नाची, नाहीतर थेट आई-बाबांच्या. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठंही जा. स्मार्टफोन हातात यायच्या आधीच्या काळात लग्नाचं शूटिंग झालं की स्टुडिओवाला आधी व्हीसीडी आणि नंतरच्या वर्षांत डीव्हीडी द्यायचा. ती त्यानं स्वतःच्या कॉम्प्युटरवर बर्न केलेली असायची.

आता ती लावली की काय होतं? नवरीनं हार घालायला हात वर केला आणि चित्र थांबलं. दोन सेकंदांनी बघतो तर हार गळ्यात, टाळ्या वाजून गेल्या. घरातलं कुणीतरी म्हणतं, "सीडी गेली, टाका फेकून." थांबा. त्या चकतीत आजोबा चालताना-बोलताना दिसत असतील आणि दुसरीकडं कुठंही त्यांचा व्हिडिओ नसेल, तर फेकण्याआधी पाच मिनिटं द्या. चित्र अडकतं म्हणजे चकती खराबच असते असं नाही. झटक्याचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

झटका नेमका कसा आहे?

कागद-पेन घ्या, चकती लावा आणि अडकते तिथला वेळ लिहा. मग काढून परत लावा.

दोन्ही वेळा ४२ मिनिटं १० सेकंदांनाच अडकली, चित्राचे चौकोनी तुकडे पडले, आवाजही तुटला, तर त्या जागी ओरखडा, डाग किंवा खराब झालेला भाग आहे. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडकते? मग बऱ्याचदा दोष प्लेअरचा असतो, लेन्सवर धूळ बसलेली असते. सुरुवात चांगली आणि शेवटी शेवटी त्रास, असं असेल तर चकतीची बाहेरची कड बघा. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणून पाठवणीचा सीन कडेला असतो आणि बोटांचे ठसेही नेमके कडेलाच असतात.

ओरखडा नाही, पण वरातीतला नाच, फटाके, अक्षता पडतानाची गर्दी अशा धावपळीच्या ठिकाणीच चित्र अडखळतं, तर तो बिटरेटचा प्रश्न आहे. आणि आवाज एकदम स्वच्छ, कुठंच थांबत नाही, पण कॅमेरा डावीकडून उजवीकडं फिरला की पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखं लटलटतं, तर चकतीला हात लावूच नका. तो फ्रेमचा हिशेब चुकलाय.

पक्की खात्री करायची तर डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या कॉम्प्युटरवर जा. घरी नसेल तर गावातल्या एखाद्या ऑनलाइन सेंटरवर जुना डेस्कटॉप असतो. फोनला ओटीजीनं बाहेरचा ड्राइव्ह जोडून बघायचा मोह होईल, पण बहुतेक फोन तो ओळखत नाहीत. चकतीवरचा 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा. दहा-पंधरा मिनिटांत बिनतक्रार कॉपी झाला, तर चकती ठणठणीत आहे आणि दोष प्लेअरचा किंवा आतल्या फाइलचा आहे. कॉपी रडतखडत चालली किंवा एरर आली, तर वाचण्यातच अडचण आहे.

वाचता येत नसेल तर

डीव्हीडीवर माहिती एका लांबलचक सर्पिल ओळीत असते. शेजारच्या दोन ओळींतलं अंतर फक्त ०.७४ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत नव्वद-शंभर ओळी बसतात! प्लेअरचा लाल लेसर चकती गरागरा फिरत असताना त्या ओळीवरून सुटू न देता चालतो. (लेसरनं बारीक मोजायचं म्हटलं की आपला जिल्हा मागं नाही. औंढा नागनाथ तालुक्यातल्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिथल्या चार-चार किलोमीटरच्या भुजांपुढं डीव्हीडीचं मोजमाप म्हणजे पोरखेळ आहे.)

एवढ्या बारीक कामात एक तेलकट ठसा पुरेसा होतो. पुसायचं मऊ सुती फडक्यानं, मधल्या भोकाकडून सरळ कडेकडं. गोल गोल पुसायचं नाही. आडव्या ओरखड्यात प्रत्येक ओळीचा थोडासाच भाग जातो आणि तेवढी चूक प्लेअर गणितानं भरून काढतो. ओळीच्या दिशेनं गोल ओरखडा गेला की सलग मोठा तुकडाच गायब होतो. टूथपेस्ट घासण्याचा उपाय सगळीकडं सांगितला जातो. हलक्या ओरखड्याला तो कधी कधी चालतोही, पण ज्या चकतीची दुसरी कॉपी नाही तिच्यावर हा प्रयोग माझ्या मते करू नये.

व्हीसीडीचं अजून एक आहे. तिच्यात माहितीचा थर वरच्या बाजूला, नाव लिहितो त्याच्या अगदी खाली असतो. म्हणून चमकणाऱ्या बाजूपेक्षा वरच्या बाजूचा ओरखडा जास्त घातक. तिथं बॉलपेननं दाबून नाव लिहिलं तरी नुकसान होतं. डीव्हीडीत तो थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती त्या बाबतीत नशीबवान. पण वर चिकटवलेला नवरा-नवरीच्या फोटोचा कागदी स्टिकर तिलाही नडतो. कागद फुगला, एका बाजूनं सुटला की फिरताना तोल जातो. मात्र आता तो ओढून काढू नका, जास्त बिघडेल.

आणि घरी बर्न केलेली चकती कारखान्यात छापलेल्या सिनेमाच्या चकतीसारखी नसते. छापील चकतीत खड्डे कायमचे कोरलेले असतात. बर्न केलेल्या चकतीत रंगाचा थर लेसरनं भाजलेला असतो. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो रंग हळूहळू बिघडतो. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त तापतं, तेव्हा कपाटातल्या चकतीचं काय होत असेल ते बघा.

प्लेअरला दम लागतो तेव्हा

बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या व्हिडिओसाठी किती माहिती वाचावी लागते. डीव्हीडी साध्या वेगानं फिरताना सेकंदाला साधारण ११ मेगाबिट माहिती देते, आणि डीव्हीडी व्हिडिओची नियमानं ठरलेली कमाल मर्यादा आहे १०.०८ मेगाबिट. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. मध्ये जागाच नाही! मिक्सिंगवाल्यानं 'बेस्ट क्वालिटी' निवडून बिटरेट ९-९.५ वर नेला, तर एखादी ओळ नीट वाचली गेली नाही म्हणून परत वाचायला प्लेअरला उसंत मिळत नाही. साठवलेलं संपतं आणि चित्र थांबतं. नाच-फटाक्यांत जास्त माहिती लागते, म्हणून झटका तिथंच बसतो.

तुम्ही स्वतः डीव्हीडी बनवत असाल तर व्हिडिओचा बिटरेट सरासरी ५ ते ६ आणि कमाल ७ ते ८ मेगाबिटच्या आत ठेवा. ४.७ जीबीच्या चकतीत दोन तास बसवायचे तर आवाजासकट सरासरी ५.२ च येते, म्हणजे हिशेब आपोआप जमतो. घात होतो तो तासाभराच्या व्हिडिओत, कारण जागा उरली की सॉफ्टवेअर बिटरेट वाढवत नेतं. आवाज पीसीएममध्ये ठेवला तर त्यातच दीड मेगाबिट जातात. डॉल्बी एसी-३ मध्ये १९२ ते २५६ किलोबिटवर काम भागतं.

ब्लँक चकती साधी डीव्हीडी-आर घ्या. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू प्रकाश बरीच कमी परावर्तित करते, जुने प्लेअर तिच्यावर धडपडतात. बर्न करताना १६ एक्सच्या चकतीवर ८ एक्स वेग ठेवा. 'जितका हळू तितका चांगला' हे अर्धंच खरं आहे, कारण आजच्या चकत्यांचा रंग जास्त वेगासाठी बनवलेला असतो. आणि शेवटी डिस्क फायनलाइझ करायला विसरू नका.

मोबाईलचा व्हिडिओ डीव्हीडीवर लटलटतो

हा भाग खास तुमच्यासाठी. आजीकडं अजून डीव्हीडी प्लेअरच आहे, म्हणून भावाच्या साखरपुड्याचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ तुम्ही डीव्हीडीवर टाकला. फोनवर लोण्यासारखा चालणारा व्हिडिओ टीव्हीवर गचके देतो. का?

फोन सेकंदाला ३० फ्रेम काढतो. भारतातली टीव्ही पद्धत पाल, तिच्यात सेकंदाला २५ फ्रेम. सॉफ्टवेअर रूपांतर करताना दर सहा फ्रेममधली एक फेकून देतं. माणूस एका जागी उभा असेल तर कळत नाही, पण नवरदेव घोड्यावरून निघाला की प्रत्येक पाऊल अडखळतं. त्यात भर म्हणजे फोन फ्रेमचा वेग कायम ठेवत नाही. अंधार पडला की तो गुपचूप कमी करतो.

उपाय असा. आधी हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट ३० आणि 'कॉन्स्टंट' करून घ्या. मग डीव्हीडीस्टायलरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पालऐवजी एनटीएससी निवडा, तिथं २९.९७ फ्रेम असतात, म्हणजे जवळपास काहीच फेकावं लागत नाही. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात. फक्त प्लेअरच्या सेटअपमध्ये 'टीव्ही टाइप' पालवर अडकवलेला असेल तर 'ऑटो' किंवा 'मल्टी' करा. नाहीतर प्लेअरच उलटं रूपांतर करेल आणि गचके परत येतील.

जुन्या कॅमेऱ्याच्या शूटिंगमध्ये वेगळीच गंमत असते. त्यात प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांत येते, एकदा सम ओळी आणि एकदा विषम. त्यांचा क्रम सॉफ्टवेअरमध्ये उलटा निवडला गेला तर हलणारी गोष्ट दोन पावलं पुढं, एक पाऊल मागं अशी थरथरते. मिनीडीव्ही कॅसेटवरच्या शूटिंगला 'लोअर फील्ड फर्स्ट' लागतं.

जुनी चकती वाचवायची असेल तर

आधी कॉपी, मग बाकी सगळं. एक ड्राइव्ह वाचत नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर नक्की लावून बघा, ड्राइव्ह बदलला की वाचण्याची ताकद बदलते. एरर आली की विंडोजची साधी कॉपी तिथंच थांबते, म्हणून अनस्टॉपेबल कॉपियर हे फुकट सॉफ्टवेअर वापरा. ते वाचता न येणारा भाग सोडून पुढं जातं. दोन सेकंद गेले तरी दोन तास वाचतात.

कॉपी झालेल्या फोल्डरची हँडब्रेकमध्ये एमपी-फोर फाइल करा. तिथं फिल्टरमध्ये 'डीइंटरलेस' सुरू करून 'बॉब' निवडा आणि फ्रेम रेट ५० ठेवा. दोन अर्ध्या फ्रेमच्या दोन पूर्ण फ्रेम होतात आणि वीस वर्षांपूर्वीची वरात मोबाईलवर अगदी सुळसुळीत चालते. फाइल शेवटपर्यंत चालवून बघा, पहिली पाच मिनिटं बघून समाधान मानू नका. पेन ड्राइव्हवर घालून ती जुन्या डीव्हीडी प्लेअरला लावू नका, ही पद्धत त्यातल्या बहुतेकांना कळत नाही. थेट टीव्हीच्या यूएसबीला लावा.

नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून नाही. व्हिडिओ म्हणून टाकला की तो दाबून लहान केला जातो. डॉक्युमेंटची मर्यादा २ जीबी आहे, फाइल त्याहून मोठी असेल तर हळद, लग्न आणि वरात असे वेगळे तुकडे करा.