संगणकावरील मराठी लेखन : कळफलकाची भाषा व शुद्धलेखन-तपासणी

प्रश्नपत्रिका, पालकसभेची सूचना, शाळेचा पत्रव्यवहार इत्यादी लेखन आता बहुधा संगणकावर होते. एकाच कागदावर मराठी, हिंदी व इंग्रजी मजकूर येतो. आपल्या जिल्ह्यातील उर्दू माध्यमाच्या शाळांत त्यात उर्दूची भर पडते. अशा वेळी शब्दांखाली तांबड्या नागमोडी रेघा उमटतात आणि त्या पाहून शुद्ध शब्दही बदलला जाण्याचा संभव असतो. फळ्यावरील चूक पुसता येते. परंतु छापील कागदावरील रूप मुले प्रमाण मानतात. म्हणून या रेघांचा अर्थ शिक्षकाने नीट जाणून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, लिपी व भाषा या निरनिराळ्या गोष्टी आहेत. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीच्या मुख्य विभागात १२८ स्थाने असून ती मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी या भाषांना सामाईक आहेत. त्यामुळे मजकूर कोणत्या भाषेचा, हे यंत्रास सांगावे लागते. मराठी मजकुरावर हिंदीची खूण राहिली, तर ‘शाळा’, ‘फळा’, ‘वेळ’ हे शब्द चुकीचे ठरतात. कारण हिंदीच्या नेहमीच्या लेखनात ‘ळ’ नाही. तसेच ‘कवी’, ‘गती’, ‘बुद्धी’ यांच्या जागी ‘कवि’, ‘गति’, ‘बुद्धि’ ही रूपे सुचविली जातात. ती हिंदीत शुद्ध आहेत. मराठीत असे तत्सम शब्द दीर्घान्त लिहावयाचे असतात. मराठी साहित्य महामंडळाचे शासनमान्य नियम १९६२ मध्ये १४ होते व १९७२ मध्ये ४ नियमांची भर पडून ते १८ झाले. आपले प्रमाण ते नियम होत, तांबडी रेघ नव्हे.

आता प्रत्यक्ष कृती पाहू.

१. विंडोज प्रणालीत सेटिंग्जमधील भाषेच्या विभागात जाऊन मराठी भाषा व तिचा कळफलक एकदा जोडून घ्यावा. त्यानंतर विंडोजची कळ दाबून धरून स्पेसबार दाबला की कळफलकाची भाषा बदलते. चालू भाषेची खूण पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात दिसते. लिहिण्यापूर्वी ती पाहण्याची सवय ठेवावी.

२. इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हातास व व्यंजने बहुतांशी उजव्या हातास आहेत. उच्चाराच्या क्रमाने कळा दाबाव्यात. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ व मग ऱ्हस्व वेलांटी द्यावी, जरी ती डावीकडे दिसत असली तरी. शिफ्टसह ‘ल’ची कळ दाबल्यास ‘ळ’ व ‘र’ची कळ दाबल्यास ‘ऱ’ उमटतो. ‘ऱ’, हलन्त, ‘य’ या क्रमाने ‘दऱ्या’ हा शब्द साधतो.

३. वर्डमध्ये कळफलक बदलल्यावर नव्या मजकुरास बहुधा ती भाषा आपोआप लागते. परंतु गतवर्षीची प्रश्नपत्रिका उतरवून घेतल्यास तिच्यावरील जुनी खूणही सोबत येते. तेव्हा तो मजकूर निवडून ‘रिव्ह्यू’ विभागातील भाषेच्या पर्यायातून मराठी ठरवावी.

४. कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर दिसावयास देवनागरी असला, तरी आत रोमन अक्षरेच साठविलेली असतात. तपासणीपूर्वी तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून वाचून पाहावा.

एवढे करूनही दोन मर्यादा उरतात. एक, मराठीचा तपासणी-कोश संगणकात नसेल तर रेघ मुळीच येत नाही. रेघ नाही म्हणजे चूक नाही, असे समजू नये. दुसरी, ‘दिन’ व ‘दीन’, ‘सुत’ व ‘सूत’, ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे सारेच शब्द कोशात असतात. कोठे कोणता योजावा, हे अर्थ जाणणाऱ्यासच कळते. मुलांची व गावांची नावे तर कोशात बहुधा नसतातच. ती यंत्राच्या सूचनेवरून कदापि बदलू नयेत. दाखलखारिज रजिस्टरातील नोंदीशी ताडून पाहावीत. दाखल्यावरील एका वेलांटीचा फरक मुलास पुढे वर्षानुवर्षे त्रास देऊ शकतो.

केंद्रातील मासिक शिक्षण परिषदेत या कृतींचा सराव अर्धा तास अवश्य ठेवावा. कागद छापण्यापूर्वी तो एका सहकाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. यंत्राने शंका दाखवावी, निर्णय मात्र शिक्षकाने द्यावा.