घरच्या संगणकास दोन पडदे : जोडणी, मांडणी आणि पाठशुद्धी

हस्तलिखितावरून नक्कल करणाऱ्याची नजर एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. मूळ वाचावे, वाचलेले क्षणभर मनात धरावे, ते उतरवावे आणि पुन्हा मुळाकडे वळावे, अशी ही चार क्रियांची साखळी आहे. आणि पाठात शिरणारे पुष्कळसे दोष चौथ्या क्रियेत, म्हणजे नजर मुळाकडे परतताना, शिरतात. मोडी कागदपत्रांत ‘मजकूर’, ‘सदरहू’ यांसारखे शब्द थोड्याथोड्या अंतराने पुन्हा येत असतात. पहिल्या ‘मजकूर’पाशी सोडलेली नजर परतताना दुसऱ्या ‘मजकूर’वर स्थिरावली, की मधले सारे शब्द गळतात, आणि उरलेले वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यास ही गळती पुढे कोणाच्या ध्यानातही येत नाही. गळालेल्या शब्दांत एखाद्या शेताचे नाव किंवा हद्दीची खूण असेल, तर ती केवळ लेखनातील चूक राहत नाही. नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० नंतर ज्या पनवेल तालुक्यातील अनेक गावांच्या जमिनी संपादित झाल्या, तेथे जुन्या कागदातील एका शेताच्या नावाला काय मोल असते, हे वेगळे सांगावयास नको.

हे नकलेचे व तुलनेचे काम आता बहुधा संगणकावर आणि बहुधा घरीच होते. पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा हार्बर मार्गावरील प्रवास एका दिशेस सव्वा तासाहून अधिक आहे. मुंबईत शिकणाऱ्या वा शिकविणाऱ्या पनवेलकराचे अभ्यासाचे खरे टेबल म्हणजे रात्रीचे घरचे टेबल होय. त्या टेबलावरील संगणकास दुसरा पडदा कसा जोडावा, कसा मांडावा आणि त्यायोगे पाठशुद्धीस कितपत साहाय्य होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. दोन पाठ एकत्र दिसण्याचे महत्त्व

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले व ते १९६६ मध्ये पूर्णतेस नेले. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या देखरेखीखाली त्या कामी वापरलेली पाठतुलनेची पत्रके येथे आठवणे उचित होईल. पत्रकाच्या वरच्या ओळीत प्रचलित पाठातील श्लोक एका चौकटीत एक अक्षर याप्रमाणे मांडलेला असे, आणि हस्तलिखितांतील पाठभेद त्याखाली, त्या त्या अक्षराच्या चौकटीत, नोंदविले जात. ह्या पद्धतीचे मर्म असे की, तुलना स्मरणावर सोपविलेली नव्हती. जे ताडून पाहावयाचे ते डोळ्यांसमोर एकत्र आणलेले होते.

एकाच पडद्यावर हस्तलिखिताचे छायाचित्र आणि आपले लेखन आळीपाळीने उघडणारा अभ्यासक नेमका याच्या उलट मार्ग धरतो. एक खिडकी उघडली की दुसरी झाकली जाते आणि मधल्या क्षणी सारा भार स्मरणावर पडतो. हे तात्कालिक स्मरण किती तोकडे आहे, याची चर्चा जॉर्ज मिलर यांच्या १९५६ मधील सुप्रसिद्ध निबंधापासून चालत आलेली आहे. त्यांनी सुमारे सात घटकांची मर्यादा सुचविली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली. मोडी लिप्यंतर करणाऱ्यावर तर आणखी एक जबाबदारी असते. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सामान्यतः पाळलेला नसतो; तो देवनागरीत कसा दाखवावयाचा, याचा निर्णय शब्दागणिक करावा लागतो व त्यासाठी मुळाकडे वारंवार पाहावे लागते. अशा वेळी दुसरा पडदा ही चैन राहत नाही. जुन्या लेखनिकाच्या टेबलावर जी सोय सहज होती, तीच तो परत मिळवून देतो.

२. जोडणी

प्रथम संगणकास चित्र बाहेर देणारी दारे कोणती व किती आहेत, हे पाहावे. १९८७ मध्ये आलेले व्हीजीए, त्यानंतरचे डीव्हीआय, दूरदर्शन संचामुळे सर्वपरिचित झालेले एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट, ही त्यांतील मुख्य होत. अलीकडच्या लॅपटॉपांत यूएसबी-सी हे लहान अंडाकृती दारही असते. मात्र त्या आकाराच्या प्रत्येक दारातून चित्र बाहेर येतेच असे नाही. तशी सोय त्या विशिष्ट यंत्रात आहे किंवा नाही, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहूनच केबल घ्यावी. टेबलावरच्या संगणकात स्वतंत्र ग्राफिक कार्ड असेल, तर केबल त्या कार्डास जोडावी. शेजारी मदरबोर्डचे दार मोकळे दिसते म्हणून तेथे जोडल्यास पडदा अनेकदा काळाच राहतो.

दोन चुका विशेष आढळतात. पहिली स्प्लिटरची. एका दारास स्प्लिटर लावून दोन मॉनिटर जोडले, तर सामान्यतः दोहोंवर एकच चित्र उमटते. सभागृहात त्याचा उपयोग आहे, पाठतुलनेस काहीच नाही. दुसरी चूक ॲडॅप्टरच्या दिशेची. घरातील जुना व्हीजीए मॉनिटर उपयोगात आणावयाचा तर एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा ॲडॅप्टर लागतो, कारण अंकीय संकेताचे रूपांतर करावयाचे असते. उलट दिशेचा ॲडॅप्टर दिसावयास सारखाच असला, तरी तो येथे निरुपयोगी होय. संगणकास दुसरे दार मुळीच नसेल, तर साध्या यूएसबीवर चालणारे चित्रसाधन मिळते. त्यास स्वतंत्र ड्रायव्हर बसवावा लागतो व चलच्चित्रास ते तितकेसे मानवत नाही. परंतु हस्तलिखिताचे स्थिर पान पाहण्यास ते पुरते.

केबलच्या क्षमतेचाही हिशेब आहे. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू असतात. ३८४० × २१६० च्या पडद्यावर त्याच्या चौपट. एचडीएमआयच्या २००९ मधील १.४ आवृत्तीतून हा मोठा पडदा सेकंदास ३० चित्रांपर्यंतच चालतो; ६० चित्रांसाठी २०१३ मधील २.० आवृत्ती लागते. नव्या मॉनिटरवर माउसचा बाण रेंगाळल्यासारखा दिसला, तर मॉनिटर सदोष ठरविण्यापूर्वी केबल व दार यांची आवृत्ती पाहावी.

३. व्यवस्था आणि देवनागरी

विंडोज संगणकावर विंडोज खूण असलेली कळ व ‘पी’ ही कळ एकत्र दाबली असता चार पर्याय पुढे येतात. त्यांपैकी ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र, आणि ‘एक्स्टेंड’ म्हणजे दोन्ही पडदे मिळून एक सलग पृष्ठभाग. आपणांस दुसरा हवा. त्यानंतर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये पडद्यांच्या चौकटी टेबलावर जशा आहेत तशाच क्रमाने ओढून ठेवाव्यात. प्रत्यक्षात डावीकडे असलेला पडदा तेथे उजवीकडे दाखविलेला असेल, तर बाण भलत्याच कडेला जाऊन अडतो. विंडोज व शिफ्ट या कळा धरून डावा-उजवा बाण दाबला, की उघडी खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाते.

यापुढचा मुद्दा देवनागरी वाचणाऱ्याच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. १४ इंची लॅपटॉपवर १९२० × १०८० बिंदू असले, तर एका इंचात सुमारे १५७ बिंदू बसतात. तेवढेच बिंदू २४ इंची मॉनिटरवर असता सुमारे ९२. म्हणून एकच अक्षर दोन पडद्यांवर भिन्न आकाराचे दिसते व डोळ्यास दर खेपेस जुळवून घ्यावे लागते. प्रत्येक पडद्याचे ‘स्केल’ वेगळे ठरवून, उदाहरणार्थ लॅपटॉपवर १५० टक्के व मॉनिटरवर १०० टक्के, अक्षरांचा दृश्य आकार शक्य तितका जवळ आणावा. रोमन लिपीत जे क्षम्य ठरेल ते देवनागरीत नाही. कारण हिचे अर्थभेदक अवयव शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या पायाशीही असतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग; ‘आचार्यांना’ दिलेले दान निराळे, ‘आचाऱ्यांना’ दिलेले निराळे. हा भेद रफार व अर्धा ऱ यांच्या दोन-चार बिंदूंच्या रेषांवर उभा आहे. तपासणीच्या वेळी अक्षर मोठे करूनच वाचावे.

४. मांडणी

पाने सर्व एका घडणीची नसतात. पोथीचे पान आडवे असते. मोडी पत्रे पुष्कळदा अरुंद व उभी, आणि छापील ग्रंथाचे पानही उभेच. म्हणून फिरणाऱ्या पायाचा एक मॉनिटर घेऊन तो उभा करता आला, तर पत्राचा बराच भाग न सरकविता एकदम दिसतो. सरकविणे जितके कमी, तितकी ओळ चुकण्याची भीती कमी. मात्र उभ्या पडद्यावर मूळ कागदाचे चित्र ठेवावे व टंकलेखन आडव्यावर करावे. पडद्याचा प्रत्येक बिंदू तांबड्या, हिरव्या व निळ्या पट्ट्यांचा बनलेला असतो, आणि अक्षरे सुबक दाखविण्याची विंडोजची रीत ह्या पट्ट्या शेजारीशेजारी आहेत असे धरून चालते. पडदा उभा केला की त्या एकाखाली एक येतात व बारीक मात्रांच्या कडा रंगीत किंवा पुसट दिसू शकतात.

जागेचा प्रश्नही याच मांडणीने हलका होतो. २४ इंची मॉनिटर आडवा सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच असतो. दोन्ही आडवे ठेवले तर १०६ सेंटिमीटर लागतात. एक आडवा व एक उभा ठेवला तर ८३. म्हणजे सदनिकेच्या कोपऱ्यात मावणाऱ्या तीन फुटी टेबलावरही काम भागते. ज्या पडद्याकडे अधिक काळ पाहावयाचे तो अगदी समोर, हातभर अंतरावर ठेवावा आणि दुसरा त्यास लागून किंचित आत वळवावा. दोहोंकडे सारखेच पाहावयाचे असेल, तर त्यांचा सांधा नाकासमोर यावा. मान सतत एकाच अंगास वळवून केलेले काम थोड्याच दिवसांत दुखण्यावर जाते. खिडकी पाठीशी वा समोर न ठेवता बाजूस असावी, आणि दोन्ही पडद्यांची प्रखरता सारखी करावी.

पनवेलच्या पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. संगणक व लेखनाचा मॉनिटर हे दोन्ही यूपीएसवर असावेत. दुसरा मॉनिटर त्याविना राहिला तरी हानी नाही. संगणक चालू राहून लेखनाचा पडदाच मालवला, तर केलेले काम जतन करणे कठीण होऊन बसते.

५. मर्यादा

दोन पडद्यांनी जे साधते ते तिसऱ्याने दीडपट होते असे नाही. मूळ आणि नक्कल ही तुलनेची दोनच अंगे आहेत. तिसऱ्या पडद्यावर कोश किंवा दुसरी प्रत ठेवता येईल, परंतु तेथे निरोपांची खिडकी उघडी राहिली, तर नजरेस भरकटण्यास नवी वाट मिळते. शिवाय पडदा मूळ समोर ठेवतो, ते वाचत नाही. एकाने मूळ मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ताडावे, ही जुनी रीत आजही तितकीच आवश्यक आहे. दोन पडद्यांपुढे दोन माणसे बसली, तर ती अधिक सुकर होते.

तात्पर्य, दुसरा पडदा स्मरणाचे ओझे हलके करतो आणि दृष्टीस मुळापासून फार दूर जाऊ देत नाही. पहिल्या ‘मजकूर’पासून दुसऱ्यावर उडी घेणारी नजर त्याने सर्वस्वी आवरली जाईल असे नाही, परंतु ती उडी घेतली गेली, हे कळण्याइतके मूळ आता समोर उघडे असते. शेताचे ते नाव वाचण्यास पुष्कळदा एवढेच पुरेसे होते.