कॅमेऱ्याचे कार्ड कसे पारखावे?

शाळेची सहल अजिंठ्याला गेली आहे, असे समजा. लेण्यांत फ्लॅश वापरायला मनाई आहे. तेव्हा गुरुजी अंधुक उजेडात, श्वास रोखून, एकेका चित्राचे चार-चार फोटो घेतात. 100 किलोमीटरांचा प्रवास करून रात्री छत्रपती संभाजीनगरला परततात आणि कार्ड संगणकाला लावतात. पहिले काही फोटो दिसतात, पुढचे उघडतच नाहीत! कॅमेरा चांगला, हातही स्थिर. दगा दिला तो टपाल तिकिटाएवढ्या कार्डाने.

असे का होते आणि ते कसे टाळावे, एवढेच आज पाहू.

कार्ड घेताना आपण दोनच गोष्टी विचारतो : किती गिगाबाइटचे आणि केवढ्याला? तिसरा प्रश्न वेगाचा. तो समजायला जुनी मोट आठवा. मोटेचे पाणी थारोळ्यात पडे आणि तिथून पाटाने वाफ्यात जाई. पाट अरुंद असला, की थारोळे तुंबायचे. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. टिपलेले चित्र आधी कॅमेऱ्यातल्या छोट्या स्मृतीत पडते आणि तिथून कार्डावर लिहिले जाते. शर्यतीचे लागोपाठ 10 फोटो घेतले आणि प्रत्येक फोटो 25 मेगाबाइटचा धरला, तर 250 मेगाबाइट झाले. सेकंदाला 10 मेगाबाइट लिहिणारे कार्ड त्याला 25 सेकंद घेईल. 30 लिहिणारे साधारण 8. तोवर शर्यत संपलेली असते.

आता गंमत पाहा. कार्डावर ठळक अक्षरांत जो मोठा आकडा छापतात, तो बहुधा वाचण्याचा, म्हणजे फोटो कार्डातून संगणकात नेण्याचा कमाल वेग असतो. आपल्याला हवा लिहिण्याचा, तोही किमान वेग. तो बारीक खुणांत असतो. ‘सी’ अक्षराच्या पोटात 10 किंवा ‘यू’च्या पोटात 1 असेल, तर सेकंदाला किमान 10 मेगाबाइट, ‘यू’च्या पोटात 3 किंवा ‘व्ही’पुढे 30 असेल, तर किमान 30. पुढे ‘व्ही 60’ आणि ‘व्ही 90’ही आहेत. शाळेच्या गॅदरिंगला, शेतातल्या पिकाच्या फोटोंना आणि बहुतेक साध्या चित्रीकरणाला ‘व्ही 30’ पुरते. उगाच महाग कार्ड घेऊ नये. जास्त वेगाच्या काही कार्डांना पाठीमागे संपर्कपट्ट्यांची दुसरी ओळ असते. पण कॅमेऱ्यात तशी सोय नसेल, तर ते कार्ड चालते, मात्र वाढीव वेग मिळत नाही.

कॅमेरा जुना असल्यास त्याचे माहितीपत्रक आधी वाचा. ‘एसडीएचसी’ जातीची कार्डे 32 गिगाबाइटपर्यंतच असतात. त्याहून मोठी, 2 टेराबाइटपर्यंतची, ती ‘एसडीएक्ससी’. पुष्कळ जुने कॅमेरे ती ओळखत नाहीत.

राहिला प्रश्न भरवशाचा. बाजारात बनावट कार्डे असतात. वर 128 गिगाबाइट लिहिलेले, आत जेमतेम 8! कार्डातली नियंत्रक चिप कॅमेऱ्याला खोटी बेरीज सांगते. कॅमेरा बापडा लिहीत राहतो आणि नंतरचे फोटो हरवतात किंवा जुन्यांवरच लिहिले जातात. म्हणून ओळखीच्या, पावती देणाऱ्या दुकानातून घ्या. आणि घेतलेले कार्ड घरीच पारखा, सहलीत नव्हे. मोठमोठे व्हिडिओ घालून ते काठोकाठ भरा, सगळे परत संगणकात उतरवा आणि पहिले, मधले, शेवटचे उघडून पाहा. विंडोज संगणकासाठी ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचे मोफत साधन हीच पारख आपोआप करते. मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून वापरायला काढा. लिहिण्याचा दिवा लुकलुकत असताना ते कधीही उपसू नका. फोटो चुकून पुसले गेलेच, तर त्या कार्डावर नवे काही टिपू नका. वर काही लिहिले नसेल, तर ते परत मिळण्याची शक्यता असते.

एवढे केले म्हणजे झाले का? नाही. अजिंठ्याचीच हकीगत ऐका. 1844 साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला तिथल्या चित्रांच्या नकला करण्याचे काम मिळाले. त्याने त्यात वर्षानुवर्षे घालवली. त्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या. 1866च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पुढे 1872पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ 1885 साली लंडनमध्येच आगीत गेल्या. मात्र ग्रिफिथ्स यांनी 1896-97मध्ये हे काम दोन खंडांत छापून काढले. प्रती अनेक ठिकाणी गेल्या, म्हणून ते आजही पाहायला मिळते.

उत्तमातले उत्तम कार्डसुद्धा हरवते, पाण्यात पडते, एक दिवस मुके होते. कार्ड ही फोटोंची पिशवी आहे, कोठार नव्हे. घरी आलात, की त्याच रात्री एक प्रत संगणकात आणि दुसरी वेगळ्या जागी ठेवा. दोन्ही उघडतात हे पाहा. मगच कार्ड पुसा.