सुटी लागण्यापूर्वीचा आनंदबाजार

भाद्रपदाच्या अखेरीस, सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी, महाराष्ट्रात घरोघरी पितरांसाठी पान वाढले जात असते. त्याच दिवशी बंगालमध्ये महालया असते आणि शांतिनिकेतनातील गौरप्रांगणात विद्यार्थ्यांचा बाजार भरतो. त्याचे नाव आनंदबाजार. पूजेची दीर्घ सुटी लागण्यापूर्वीचा हा अखेरचा सोहळा. पाठभवनातील लहान मुलांपासून कलाभवनातील तरुण विद्यार्थ्यांपर्यंत सारे आपापली दुकाने थाटतात. स्वतः रांधलेले खाद्यपदार्थ, स्वतः घडविलेल्या वस्तू आणि स्वहस्ते लिहून चितारलेली मासिके ओरडून ओरडून विकतात. ढाक वाजत असतो, आणि एरवी वृक्षाखाली गंभीरपणे पाठ देणारे गुरुजन त्या दिवशी गिऱ्हाईक होऊन विद्यार्थ्यांशी घासाघीस करतात. संध्याकाळी जमाखर्चाचा हिशेब होतो आणि उरलेला नफा सेवाकार्यासाठी दिला जातो.

या बाजाराच्या आधीच्या संध्याकाळी नाटकांच्या असतात. निरनिराळी भवने आपापला प्रयोग सादर करतात, आणि ‘शारदोत्सव’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नाट्यसोहळ्याचे मूळ पाहू गेल्यास आपल्याला १९०८ सालापर्यंत मागे जावे लागते. १९०१ च्या डिसेंबरात अवघ्या पाच विद्यार्थ्यांनिशी रवींद्रनाथ ठाकुरांनी शांतिनिकेतनात ब्रह्मचर्याश्रम ही शाळा काढली, तेव्हा स्वतःच्या शालेय जीवनाची कटुता त्यांच्या स्मरणात ताजी होती. चार भिंतींच्या शाळांतून त्यांचे मन कधी रमले नव्हते, आणि म्हणूनच आपल्या मुलांसाठी ऋतूंचे आगमन हाही अभ्यासक्रमाचा भाग असावा, अशी त्यांची श्रद्धा होती. शरद ऋतूच्या सुटीपूर्वी मुलांनी करावे म्हणून १९०८ मध्ये त्यांनी ‘शारदोत्सव’ हे नाटक लिहिले. आश्रमात तेव्हा मुलगेच असल्याने त्यात एकही स्त्रीभूमिका नाही.

या नाटकाचे कथानक सुटीचेच आहे, आणि मला ते रवींद्रनाथांच्या समग्र शिक्षणविचाराची गुरुकिल्ली वाटते. वेतसिनी नदीच्या काठी मुले वृद्ध ठाकुरदांसह हिंडत, गात असतात. केवळ उपनंद नावाचा एक अनाथ मुलगा त्यांच्यात मिसळत नाही, कारण दिवंगत गुरूने लक्षेश्वर नामक कृपण सावकाराकडून घेतलेले कर्ज फेडण्यासाठी तो पोथ्यांच्या नकला करीत बसलेला आहे. सामान्य लेखकाने त्या मुलाला कामातून सोडवून खेळात आणले असते. येथे मात्र संन्याशाच्या वेषात आलेला सम्राट विजयादित्य स्वतःच त्याच्याजवळ लेखन करावयास बसतो, मुलेही येऊन बसतात, आणि आनंदाने केलेली ऋणफेड हाच त्या दिवसाचा खरा उत्सव ठरतो. पुढे रवींद्रनाथांनी स्वतः या संन्याशाची भूमिका केली, आणि १९२१ मध्ये या नाटकाला नवे रूप दिले तेव्हा त्याचे नावच ‘ऋणशोध’ ठेवले.

आनंदबाजारातील नफा सेवेला का जावा, याचे उत्तर मला या नाटकात सापडते. सहा महिने ज्या भूमीने, ज्या वृक्षांनी आणि ज्या गुरूंनी आपल्याला पोसले, त्यांना काही परत केल्यावाचून सुटीचा उपभोग निर्मळ होत नाही, हे तेथील मुलाला कोणी प्रवचनातून सांगत नाही. तो दिवसभर दुकानात उभा राहून ते आचरतो. कलाभवनाचा नंदनमेळाही याच वृत्तीचा आहे. कलाभवनाचे आचार्य, चित्रकार नंदलाल बसू यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ चा. त्यांच्या जन्मदिनाच्या अलीकडचे दोन दिवस, १९७३ पासून, शिक्षक आणि विद्यार्थी आपल्या कलाकृती अल्प किमतीत विकतात व ती रक्कम गरजू विद्यार्थ्यांच्या साहाय्यनिधीत जाते. रवींद्रनाथांच्या नाटकांचे नेपथ्य करताना साध्या, जवळपास मिळणाऱ्या साहित्यातून सौंदर्य उभे करावे, हा संस्कार नंदलालांनीच तेथे रुजविला.

महाराष्ट्राला हे स्थळ परके नाही. भीमरावशास्त्री यांनी तेथे गायन शिकविले, काकासाहेब कालेलकर काही काळ तेथे राहिले, विनायक मासोजी कलाभवनात शिकून तेथेच अध्यापक झाले, आणि पु. ल. देशपांडे प्रौढ वयात बंगाली शिकण्यासाठी तेथे जाऊन राहिले. तरीही आपल्या शाळांची स्नेहसंमेलने पाहिली की मन खिन्न होते: भाड्याचे पोशाख, कर्णकर्कश ध्वनिवर्धक, पाहुण्यांची लांबलेली भाषणे, आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप त्या मुलांच्या हातचे त्यात जवळजवळ काहीच नाही. शाळांच्या चालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, येत्या सत्राच्या अखेरीस संमेलनाचा सगळा बंदोबस्त, खर्चाच्या वहीसह, एकदा मुलांच्या स्वाधीन करावा, आणि शिक्षकांनी त्या दिवशी केवळ गिऱ्हाईक व्हावे.