कानानं करायचा खाऊ

रोजा असताना पदार्थाची चव घेणं अनेकजणी टाळतात. रमजानमधल्या संध्याकाळच्या स्वयंपाकाची भिस्त त्यामुळे वासावर, नजरेवर आणि मापावर. खिमा खारट झाला की नाही, हे इफ्तारलाच कळतं. मक्याच्या गोड-खाऱ्या लाह्या मात्र बऱ्याचशा कानानंच होतात.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल आणि मक्याचे तीन दाणे घालावेत. ते फुटले की तेल तापलं. मग अर्धी वाटी दाणे टाकून झाकण किंचित तिरकं ठेवावं. वाफ कोंडली तर लाह्या चिवट होतात. दाण्याच्या पोटातल्या पाण्याची वाफ साधारण १८० अंश सेल्सिअसला टणक साल फोडते. जुन्या दाण्यात ते पाणीच उरत नाही, म्हणून त्याचे गणंग होतात. दोन आवाजांत दोन-तीन सेकंदांचं अंतर पडलं की गॅस बंद. गणंग वेचून टाकावेत.

कढईत चमचाभर तुपावर अर्धी वाटी चिक्कीचा गूळ मंद आचेवर वितळवावा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून कट्कन मोडला की पाक झाला. त्यात चिमूटभर सोडा आणि सपाट अर्धा छोटा चमचा बारीक मीठ घालून लगेच लाह्या परताव्यात. मीठ मापूनच घ्यावं आणि जाडं नको. खडा एखाद्याच लाहीच्या वाट्याला येतो. गार झाल्यावरच डबा लावावा, नाहीतर लाह्या सादळतात.

पहिली चव घेतात ती रोजा नसलेली घरातली लहानगी, नाहीतर शेजारच्या काकू. ‘मीठ बेताचं पडलंय’ असं त्यांनी म्हटलं, की मगरिबच्या अजानआधीच निम्मी काळजी मिटते.